अण्णांनी काढलेली चूक

अण्णा आठल्ये रेडिओला दुरुस्त करत. पेचकस घेऊन नव्हे. बातम्या देणाऱ्या बाईनं एखादं संस्कृत नाव चुकीचं उच्चारलं की अण्णांच्या उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि ते रेडिओकडे बघून म्हणायचे, "मागं ये. तिथनं पुन्हा म्हण." मग ते थांबायचे. बाई तोवर पुढच्या बातमीवर गेलेली असायची. अण्णा तिला आणखी एक संधी देत, आणि तरीही ती मागं आली नाही की रेडिओ बंद करून टाकत. रेडिओ आमचा होता. त्यांच्या घरी नव्हताच. त्या काळात देशात जे काही घडलं त्यातलं निम्मं मला अजून धड माहीत नाही, त्याचं कारण हे.

काशीत दुर्गाघाटावरच्या एका घरात ते वर राहत आणि आम्ही खाली. गल्ली एवढी अरुंद की माणूस आणि गाय समोरासमोर आले तर एकानं मागं सरायला हवं, आणि गाय सरत नसे. मी जवळच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. माझी तिशी उलटली होती, मला मुलगी होती, तरी मी अजून चौथीतच आहे असं धरून अण्णा माझ्याशी बोलत.

अण्णा घनपाठी वैदिक. म्हणजे ऋग्वेद नुसता पाठ नव्हे, तर त्यातले शब्द पुढून मागे, मागून पुढे गुंफत म्हणायचे, आणि तेही पोथीशिवाय. एका ओळीचा घन म्हणून होईपर्यंत समोरचा चहा गार व्हायचा. ह्या लोकांत एक रीत आहे. म्हणताना कुणाचा शब्द किंवा स्वर चुकला तर ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथे टोकायचं, आणि चुकणाऱ्यानं न रागावता मागं येऊन तिथून पुन्हा म्हणायचं. ह्यात अपमान मानत नाहीत. चूक ऐकून जो गप्प बसतो त्यालाच पाप, असं अण्णा सांगत. इतक्या पिढ्यांत अक्षर इकडचं तिकडे झालं नाही ते ह्या टोकण्यामुळे, आणि वेदांपुरतं ते उत्तमच होतं. अडचण एवढीच होती, की वेद कुठे संपतात आणि दूधवाला कुठे सुरू होतो हे अण्णांच्या लक्षात येत नसे.

दूधवाला एकदा जिन्यातून ओरडत आला, "पंडीजी, आज एकादशी ह, दूध जादा लेईं." एकादशी दुसऱ्या दिवशी होती. अण्णांनी त्याला कॅनसकट जिना उतरायला लावला, पुन्हा वर यायला लावलं आणि "आज दशमी ह" असं म्हणवून घेतलं. मग दूध नेहमीएवढंच घेतलं.

बालाजी घाटावर महाराष्ट्रातून यात्रेकरू येत. त्यांचे विधी करायला त्यांचे त्यांचे भटजी असत. अण्णा स्नानाला उतरले की शेजारच्या भटजीचा संकल्प त्यांच्या कानावर पडायचाच. माघातल्या एका पहाटे सोलापूरचे एक गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांच्या भटजीनं संवत्सराचं नाव चुकवलं. अण्णांनी टोकलं. भटजी मुकाट्यानं मागं आला. पुढे त्यानं घाईघाईत नक्षत्र चुकवलं. पुन्हा मागं. तिसऱ्या वेळी त्या गृहस्थांचे दात एवढे वाजायला लागले की त्यांना गोत्र सांगता येईना. बाहेर आल्यावर त्यांची बायको अण्णांना म्हणाली, "अहो, मेले असते ना ते." अण्णा म्हणाले, "काशीत आहेत. त्याची फिकीर नाही. संकल्प शुद्ध झाला, हे बघा."

माझ्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. म्हणणाऱ्या मावशींनी कुठलासा दीर्घ ऱ्हस्व केला. अक्षता हवेत, अंतरपाट भटजींच्या हातात, आणि अण्णांचं बोट वर. मावशी मागं आल्या. माझी बायको आजही सांगते, की इतरांचं लग्न एकदा होतं, आमचं दीड वेळा झालं.

स्वतः अण्णांची मराठी आम्हा सगळ्या काशीकरांसारखीच होती. "बाजारात सब्जी एकदम बेकार मिळाली, दुकानदारावर मी असा नाराज झालो," असं ते सहज बोलत. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्यानं एकदा त्यांना सांगितलं, की मराठीत भाजी म्हणतात. अण्णांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "पुण्यात म्हणत असतील," ते म्हणाले, "तिकडे शुद्धीचं कुणी बघत नाही."

हसण्यासारखं सगळं हे एवढं. ह्यापुढचं सांगताना मला हसू येत नाही.

अण्णांना एकच मुलगा, वसंता. तो माझ्या बरोबरीचा, माझा मित्र. आवाज खणखणीत, पाठांतर बापासारखं. तो एकोणीस वर्षांचा असताना आमच्या गल्लीत वसंतपूजा होती. वैदिक जमून आळीपाळीनं मंत्र म्हणतात ती सभा. काशीतले सगळे जुने वैदिक बसलेले. वसंता घन म्हणत होता आणि अण्णांचं बोट वर गेलं. वसंता मागं आला, पुन्हा तसंच म्हणाला. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा तो थांबला, बापाकडे नुसता बघत राहिला, आणि पुन्हा अगदी तसंच म्हणाला. "मागं ये," अण्णा म्हणाले. मागच्या बाजूला आम्ही पाचसहा जण बसलो होतो. आम्ही हसलो. मीही हसलो. वसंता उठला, बाहेर जाऊन पायात चपला घातल्या आणि त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. महिन्यानं एक कार्ड आलं, "मी खुशाल आहे." पत्ता नव्हता. अण्णांना आलेलं त्याचं शेवटचं अक्षर तेच.

माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची खबर नाही, तर तो गेला असं धरून त्याचं करायचं असतं. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस. काशीत कितीतरी लोकांचे असले विधी अण्णांनीच सांगितले होते. आता त्यांच्याच घरात बारा वर्षं भरत आली होती. अण्णांचे थोरले भाऊ तात्या ग्वाल्हेरला असत. त्यांची पत्रं यायला लागली, की येत्या पितृपक्षाच्या आत उरकून घ्या, पोराचा जीव अधांतरी ठेवू नका. आणि शास्त्रात काना-मात्रा इकडची तिकडे होऊ न देणारे अण्णा ह्या एका बाबतीत वकिलासारखे बोलू लागले. बारा वर्षं तो घरातून गेल्यापासून नाही, कार्डापासून मोजायची. कार्डावरचा शिक्का पुसट आहे, म्हणजे ते उशिरा टाकलेलं असणार. मधले अधिक महिने धरायचे नाहीत. माई, म्हणजे अण्णांची बायको, हे सगळं ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलत असे. त्या घरात बोललं की मागं यावं लागे, म्हणून असेल, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

त्याच वर्षी, आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, एका दुपारी अण्णा आमच्याकडे बसले होते आणि रेडिओवर बिरहा लागला. बिरहा म्हणजे इकडच्या गवळ्यांचं गाणं. गाणारा दोन्ही हातांत लोखंडी करताल घेऊन उभा राहतो आणि एक अख्खी कथा गातो. साथीला ढोलक आणि मागे ओळ उचलून धरणारे चारपाच जण. वैदिकांच्या घरात असलं ऐकत नसत. मी बंद करायला हात पुढे केला तर अण्णांनी तो धरला. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपलं. निवेदकानं नाव सांगितलं, सुमेर सरदार, ध्वनिमुद्रण काही वर्षांपूर्वीचं. अण्णांनी डोळे उघडले.

"एक अक्षर चुकला नाही," ते म्हणाले. ही पदवी त्यांनी काशीतल्या कुठल्याही शास्त्र्याला दिलेली मी ऐकली नव्हती.

मग हळूहळू बाहेर आलं. अण्णा बारा वर्षांचे, गुरूच्या घरी दिवसभर संथा घेत होते, तेव्हा वरुणा नदीपलीकडच्या गावातला एक गवळी ह्याच गल्लीत दूध घालायला येई. त्याचा मुलगा सुमेर घाटाच्या पायऱ्यांवर बसून गायचा. अण्णांनी ते चोरून ऐकलं, आणि अण्णांच्या डोक्यात एकदा गेलेलं बाहेर पडत नसे. पुढे तो मोठा गवई झाला, हजारो लोक त्याला ऐकायला जमत. अण्णा कधी गेले नाहीत. वैदिकानं बिरह्याच्या सभेत बसायचं नसतं.

"पण येतं मला सगळं," ते म्हणाले, आणि मांडी घालून, ताठ बसून, त्यांनी तो बिरहा मला म्हणून दाखवला. चाल नाही, ताल नाही, संथा द्यावी तसा, एकेक शब्द खणून. कथा साधी. विधवा आईचा एकुलता एक मुलगा कलकत्त्याला चटकलात, म्हणजे तागाच्या गिरणीत, कामाला जातो. वर्षं जातात. गावातले म्हणतात, आस सोड. आणि ती प्रत्येक वेळी म्हणते, "साँझ भइल, गइया घरे लवटल, बबुआ आवत होइहें." सांज झाली, गाय घरी परतली, बाळ येत असेल. शेवटही ह्याच ओळीवर. अण्णांनी ती शेवटची ओळ म्हटली आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले. तेव्हा मला वाटलं, दमले.

भाद्रपदात खबर आली, की मुन्शी घाटाजवळच्या एका देवळाच्या शृंगाराला सुमेर सरदार गाणार. देवाला सजवतात त्या दिवशी असले कार्यक्रम होत. सरदार आता थकले आहेत, कुठे जात नाहीत, बहुधा हे शेवटचंच, असं लोक बोलत होते. त्याच सकाळी तात्यांचं पत्र आलं होतं. पितृपक्षाला आठ दिवस होते.

"बबन," अण्णा म्हणाले, "संध्याकाळी खाली आहेस का? मला जरा तिकडे एका यजमानाकडे जायचंय. तू चल."

आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून त्यांनी लांब कोट घातला आणि कानटोपी चढवली. भाद्रपदातल्या उकाड्यात घाटावर कानटोपी घातलेला तो एकच माणूस होता. दुर्गाघाटापासून मुन्शी घाटापर्यंत प्रत्येक फुलवाल्यानं, नावाड्यानं आणि पानवाल्यानं त्यांना नमस्कार केला. एकानं विचारलं, "पंडीजी, तबियत त ठीक ह न? अइसन गरमी में टोपी?" अण्णा मला म्हणाले, "कुणी ओळखलं नाही वाटतं." वाटेत एकदा ते थांबले. "सगळं ऐकायचं नाही मला. शेवटची ती ओळ म्हणेल ना, ती ऐकली की उठायचं. त्याच्या तोंडून एकदा ऐकायची आहे, बस." का, ते मी विचारलं नाही. तात्यांचं पत्र कोटाच्या खिशातून डोकावत होतं, त्यामुळे विचारायची गरजही नव्हती.

ऊन उतरलं होतं. तखतावर दोघांनी धरून सुमेर सरदारांना चढवलं. मी धिप्पाड माणसाची कल्पना केली होती. हा वाळलेला म्हातारा, पागोटं डोक्याला मोठं झालेलं, तोंडात दात नाहीत, त्यामुळे प्रत्येक 'स' बाहेर सांडत होता. सुरुवातीचा अर्धा तास मला बघवेना. दम पुरत नव्हता. मागचे साथीदार ओळ उचलून नेत तेव्हा ते नुसते उभे असत. लोक शेंगा खात होते, गप्पा मारत होते. पुढच्या पोरांनी फिल्मी चालीवरचं काहीतरी मागितलं, आणि त्यांनी तेही गायचा प्रयत्न केला. ते सगळ्यात वाईट होतं. त्या पोरांवर मी मनातल्या मनात भयंकर चिडलो होतो. अण्णा मात्र अगदी शांत होते. "श्वास चुकतोय," ते म्हणाले. "शब्द नाही."

मग सरदारांनी हार्मोनियमवाल्याला हातानं थांबवलं, ढोलकही थांबवला. एक हात कानाला लावला आणि नुसत्या एका हातातल्या करतालावर तो बिरहा सुरू केला. आवाज फाटलेला होता, पण आता ते जोर करत नव्हते. घरात कुणाशी तरी बोलावं तसे गात होते. शेंगा थांबल्या. आईनं मुलाला निरोप दिला, मुलगा गेला, वर्षं गेली. अण्णांनी कानटोपी काढली. त्यांचा घाम, त्यांचे हलणारे ओठ, हे आजूबाजूचे सगळे बघत होते आणि अण्णांना त्याचं भान नव्हतं. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

शेवट आला. "साँझ भइल," सरदार म्हणाले. "गइया घरे लवटल." मग थांबले. मग म्हणाले, "बबुआ ना अइहें."

बाळ येणार नाही.

अण्णांचं बोट वर गेलं. मी त्यांचा कोट ओढला, पण ते उभे राहिले होते. "सरदार, पीछे आइए," त्यांचा तो वेदसभेतला आवाज, त्याला लाउडस्पीकर लागत नसे. "'आवत होइहें' है. फिर से कहिए."

लोक ओरडले, बइठ जा, बइठ जा पंडीजी. कुणी हसलं. सुमेर सरदार आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. मग त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. "पंडीजी ठीक कहत हउअन," ते म्हणाले, आणि मागं आले. साँझ भइल. गइया घरे लवटल. बबुआ. तिथे आवाज बंद झाला. ते पुन्हा मागं आले, पुन्हा तिथेच थांबले. तिसऱ्यांदा त्यांचे नुसते ओठ हलले. साथीदारांनी घाईघाईनं भलतंच भजन उचललं आणि दोघांनी त्यांना धरून खाली नेलं.

गर्दीतून बाहेर पडताना त्यांच्या ढोलकवाल्यानं आम्हाला गाठलं. तो रागावलेला नव्हता, तेच जड गेलं. "पंडीजी, उनकर लइका गयल साल कलकत्ता में मर गयल. मिल में. माटीओ ना आयल घरे. तब्बे से ऊ अइसे गावेलन. हमन के मालूम ह, केहू ना टोके."

मुलगा गेल्या साली कलकत्त्याच्या गिरणीत मेला, प्रेतही घरी आलं नाही, तेव्हापासून ते असंच गातात आणि आम्ही कुणी टोकत नाही, असं तो सांगत होता. कानटोपी हातात तशीच धरून अण्णा घरापर्यंत चालत आले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. मी कोट आणखी जोरात ओढायला हवा होता. त्यांचं बोट वर जाताना मी ह्याआधी हजार वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी मजा बघत बसलो होतो.

चार दिवस त्यांनी कुणालाही टोकलं नाही. रविवारी सकाळी ते खाली आले. "बबन, सुमेरच्या गावाला चल. माफी मागायची आहे."

वरुणा ओलांडून आम्ही गेलो. सरदार कडुलिंबाखाली खाटेवर बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी करताल हातात घेतले नव्हते, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. अण्णा खाटेसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. माफीचं वाक्य त्यांना येत नव्हतं. त्याऐवजी ते म्हणाले, "आप बचपन में दुर्गाघाट पर दूध देने आते थे. हम वहीं थे."

"ऊ घर?" सरदारांनी डोळे बारीक केले. "जहाँ लइकन दिन भर बेंग नियर टर्रात रहलन?" बेंग म्हणजे बेडूक; पोरं दिवसभर बेडकांसारखी ओरडायची तेच घर का, असं.

"वही," अण्णा म्हणाले. "वेद में भी ऐसा ही कहा है." ऋग्वेदात पावसाळ्यातल्या बेडकांना गुरूमागे पाठ म्हणणाऱ्या शिष्यांची उपमा दिलेली आहे.

सरदार हसले आणि बाजूला सरकून त्यांनी अण्णांना खाटेवर जागा दिली. वैदिक घनपाठी गवळ्याच्या खाटेवर बसला. सरदारच बोलू लागले. चूक तुमची नाही, ते म्हणाले, गाणं माझ्या गुरूचं आहे, त्यात मी आपलं दुःख का घालावं. पण तोंडातून निघत नाही, काय करू. मग त्यांनी विचारलं, "बाकी पंडीजी, ओही लाइन पर आप के काहे एतना पीर भयल?"

त्याच ओळीवर तुम्हाला एवढं का लागलं, असं. मला वाटलं अण्णा टाळतील. त्यांनी सगळं सांगितलं. हिंदीतून, एका परक्या माणसाला. मुलगा गेला, बारा वर्षं झाली, लोक त्याचा पुतळा जाळायला सांगतात. "हमने उसको भरी सभा में तीन बार टोका," ते म्हणाले. मग म्हणाले, "वो सही बोल रहा था."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दो मंत्र एक जैसे हैं. हम दूसरे वाले का शब्द पकड़कर बैठ गए थे. तीसरी बार में समझ गए. पर सब लोग बैठे थे. हमने फिर भी टोका."

 सरदारांनी कानाला हात लावला. करताल नव्हते, काही नव्हतं. सांज झाली, गाय घरी परतली, एवढं म्हणून त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बबुआ आवत होइहें." ते त्यांच्या मुलासाठी नव्हतं. ज्याचा मेला त्यानं, ज्याचा कदाचित जिवंत असेल त्याच्यासाठी ती ओळ म्हटली. अण्णा रडले. मीही रडलो, सांगायला लाज कसली. निघताना सरदार एवढंच म्हणाले, "जहाँ टोकले रहलीं, ओहीं जाके कह दीं."

जिथं टोकलंत तिथंच जाऊन सांगा, असं. अण्णांनी ते केलं. पितृपक्षाच्या आदल्या दिवशी वैदिकांची सभा होती. तिथे ते उभे राहिले, तो मंत्र म्हटला, जागा दाखवली आणि सांगितलं, "इथं वसंत बरोबर होता. मी चुकलो, आणि मला मालूम असून टोकलं." वैदिकांनी माना हलवल्या. बारा वर्षांपूर्वीचे निम्मे म्हातारे आता नव्हते. नव्या विद्यार्थ्यांना वसंत कोण तेही ठाऊक नव्हतं. जे हसले होते त्यांतला मी एकटाच तिथे होतो आणि मला मान वर करवेना.

तिथून अण्णा मला घेऊनच वर गेले. एकट्यानं माईसमोर जायचा त्यांना धीर होत नव्हता. माई तांदूळ निवडत बसली होती. अण्णांनी तिलाही सगळं सांगितलं, त्याच क्रमानं, एकही गोष्ट न गाळता. माईचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "जाताना सांगून गेला तो. आई, मी चुकलो नव्हतो, म्हणाला."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार?" माई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वाट बघितली. आज म्हणतील, उद्या म्हणतील. तीन वर्षं त्याची पत्रं येत होती माझ्या भावाकडे, झाशीला. तुम्ही हे म्हणाला असता तर बोलावून घेतला असता. मग बंद झाली. भावानं पत्त्यावर माणूस पाठवला, तर खोली सोडून गेलेला."

अण्णांनी विचारलं, "काय लिहायचा?"

माईनं ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"दर पत्रात एकच," ती म्हणाली. "अण्णा काही म्हणाले का?"